पंचनाम्यात रक्ताच्या डागांचे नीट वर्णन हवे

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

खुनाची बातमी देताना ‘रक्ताच्या थारोळ्यात’ हा शब्दप्रयोग आपल्या मराठी वर्तमानपत्रांत इतका रुळला आहे की तो वाचून डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. अलीकडे त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य येऊ लागले आहे, ते म्हणजे ‘रक्ताच्या डागांवरून घटनाक्रमाचा उलगडा झाला.’ पहिल्या शब्दप्रयोगाने कोणाचे फारसे नुकसान होत नाही. दुसऱ्या वाक्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण मी एकतीस वर्षे उच्च माध्यमिक विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आहे आणि एकदा, गावातील एका संशयास्पद मृत्यूच्या प्रकरणात, घटनास्थळाच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सहीही केली आहे.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. पावसाळ्याचे दिवस होते. सकाळी सातच्या सुमारास हवालदार दारात आले आणि ‘सर, पंच म्हणून यावे लागेल’ असे म्हणाले. शिक्षक आणि दुकानदार हे गावचे नेहमीचे पंच, म्हणून आम्ही दोघे गेलो. घर जुने होते. कमरेपर्यंत गिलावा केलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंती, त्यावर उघडाच चिरा, आणि खाली तांबड्या सिमेंटची जमीन. मृतदेह त्याआधीच हलवला होता. पंखा चालू होता, नातेवाइकांची ये-जा चालू होती, आणि येणाऱ्या माणसांना त्रास नको म्हणून घरच्याच कोणी तरी सोप्याच्या पायऱ्या धुऊनही काढल्या होत्या. छायाचित्रकाराने दारात उभे राहून काही फोटो घेतले. कापसाच्या बोळ्याने जमिनीवरचे थोडे रक्त टिपून पाकिटात बंद केले गेले. पंचनाम्यात या साऱ्याचे एक वाक्य झाले: ‘जमिनीवर व भिंतीवर ठिकठिकाणी रक्ताचे डाग दिसून आले.’ आम्ही दोघांनी त्याखाली सह्या केल्या.

पुढे काही वर्षांनी मला साक्षीसाठी बोलावणे आले. बचाव पक्षाच्या वकिलांनी शांतपणे विचारले की भिंतीवरचे डाग गोल होते की लांबट, लांबट असतील तर त्यांचे निमुळते टोक दाराकडे होते की माजघराकडे, आणि जमिनीपासून ते किती उंचीवर होते. मृत व्यक्ती पायरीवरून पडली की तिला कोणी मारले, हाच त्या खटल्यातील मुख्य वाद होता आणि या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली असती तर न्यायालयाला त्या वादात बरीच मदत झाली असती. मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. फोटोंमध्ये तांबड्या जमिनीवरचे डाग दिसतच नव्हते, आणि भिंतीच्या फोटोत मोजपट्टी नसल्यामुळे डाग दोन मिलिमीटरचा की दोन सेंटिमीटरचा हेही कोणाला सांगता येईना. निकाल काय लागला हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. जे डाग त्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर होते ते कायमचे गेले, आणि त्यांच्याबरोबर एक तर आरोपीचा बचाव गेला किंवा मृताची बाजू गेली, ही खंत मात्र माझ्या मनातून जात नाही.

ज्याने अंगणात शेणसडा घालताना पाहिले आहे त्याला डागांवरून घटनाक्रम ओळखण्याच्या या शास्त्राचे मूळ तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हाताखाली सरळ पडलेला थेंब गोल उमटतो, तर हात फिरवून दूर भिरकावलेले थेंब लांबट होतात आणि त्यांचे निमुळते टोक ते ज्या दिशेने गेले त्या दिशेकडे राहते. रक्ताचेही तसेच आहे. हवेतून जाणारा थेंब चित्रात काढतात तसा शेपटीचा नसून पृष्ठताणामुळे जवळजवळ गोल असतो. तो पृष्ठभागावर तिरका आदळला की डाग लंबगोल होतो, आणि त्या डागाच्या रुंदीला लांबीने भागले असता जी संख्या येते ती आघातकोनाची, म्हणजे थेंब ज्या कोनात पृष्ठभागावर आदळला त्याची, साइन असते. रुंदी लांबीच्या निम्मी असेल तर कोन ३० अंशांचा. अकरावीच्या मुलाला येणारे हे गणित आहे. अशा अनेक डागांवरून मागे रेषा काढल्या तर त्या ज्या भागात एकमेकींना छेदतात तेथून रक्त उडाले असावे असा अंदाज बांधता येतो, आणि त्यात कोन मिसळले की ते जमिनीपासून किती उंचीवरून उडाले हेही ढोबळमानाने कळते. तपास करणारे पूर्वी त्यासाठी प्रत्यक्ष दोरे ताणत असत, आता संगणक तेच काम करतो.

डागांचे प्रकारही पुष्कळ बोलके असतात. जखमी माणूस चालत गेला तर ठिबकलेल्या थेंबांची वाट उमटते. धमनी तुटली तर चिळकांडी उडते आणि हृदयाच्या ठोक्यागणिक वरखाली होणारी नक्षी भिंतीवर राहते. रक्ताने माखलेली वस्तू पुन्हा उगारली गेली तर तिच्यावरून निसटलेले थेंब भिंतीवर किंवा छपरापर्यंत एका ओळीत पडतात. केस, बोटे किंवा कापड टेकले तर छाप उठतो. माझ्या मते या सर्वांत महत्त्वाची असते ती डाग नसलेली जागा. चहूबाजूंनी शिंतोडे उडालेले असताना मधेच एक कोरा पट्टा राहिला असेल तर रक्त उडाले त्या वेळी तेथे काही तरी होते, एखादी खुर्ची असेल किंवा एखादा माणूस असेल, जे नंतर तेथून हलले. अशी कोरी जागा कापसाच्या बोळ्याने टिपता येत नाही. ती पाहावी लागते, मोजावी लागते आणि लिहून ठेवावी लागते.

इतके सांगितल्यावर या शास्त्राच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण बातम्यांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. वरचे साइनचे गणितच घ्या. डागाची लांबी १० मिलिमीटर आणि रुंदी ५ मिलिमीटर असेल तर कोन ३० अंश येतो. रुंदी मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक होऊन ती ५.५ धरली गेली तर कोन सुमारे ३३ अंश येतो, म्हणजे फरक फार नाही. पण डाग जवळजवळ गोल असेल, रुंदी खरोखर १० असेल आणि ती ९.५ मोजली गेली, तर ९० अंशांचा कोन सुमारे ७२ अंशांवर येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने १८ अंशांचा फरक! शिवाय दोऱ्याची रेषा सरळ असते पण थेंबाचा मार्ग सरळ नसतो. गुरुत्वाकर्षणामुळे तो वाकत येतो आणि हवेचा विरोध त्याचा वेग कमी करतो, त्यामुळे दोऱ्याने काढलेली उंची खऱ्या उंचीहून जास्तच येते. माणूस उभा असताना वार झाला की बसलेला असताना, हे ठरवण्यात एवढा फरक निर्णायक ठरू शकतो.

याहूनही मोठी अडचण अशी की वेगवेगळ्या कारणांनी सारखेच दिसणारे डाग पडू शकतात. आघाताने उडालेले बारीक शिंतोडे आणि तोंडात किंवा श्वासनलिकेत रक्त आलेल्या माणसाने खोकताना उडालेले शिंतोडे यांतला फरक ओळखणे पुष्कळदा कठीण असते. जखमी माणसाला मदत करायला धावून गेलेल्या माणसाच्या शर्टावर ते दुसऱ्या कारणाने पडले, तर तोच माणूस मारेकरी समजला जाण्याचा धोका आहे. आपल्या दमट हवेत तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, ती म्हणजे माश्या. रक्तावर बसलेल्या माश्या ते शोषून दुसरीकडे ओकतात आणि विष्ठेवाटेही टाकतात. त्यांचे ते बारीक ठिपके शिंतोड्यांसारखे दिसतात, आणि ज्या भिंतीवर रक्त उडालेच नव्हते तेथेही ते सापडतात.

या अभ्यासाला मोठा इतिहास आहे. पोलंडमधील क्राकूव्ह येथील एडुआर्ड पिओत्रोव्स्की यांनी १८९५ मध्ये सशांवर प्रयोग करून डोक्यावरील आघातांनंतर उडणाऱ्या रक्ताच्या डागांचे आकार आणि दिशा नोंदवल्या. फ्रान्सचे व्हिक्टर बाल्थाझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये डागाची लांबी-रुंदी आणि कोन यांचा संबंध मांडला. अमेरिकेत १९७० नंतर हर्बर्ट मॅकडोनेल यांनी हे तंत्र पोलिसांना शिकवण्यासाठी ४० तासांचे वर्ग घेतले आणि ते तिकडे सर्वत्र पोहोचले. हे आठवडाभराचे शिक्षणच पुढे अनर्थाला कारण ठरले, असे मला वाटते.

टेक्सास राज्यातील एका मुख्याध्यापकांचे प्रकरण मी शिक्षक असल्यामुळे माझ्या मनाला विशेष लागले. त्यांच्या पत्नीचा, ज्या स्वतः शिक्षिका होत्या, १९८५ मध्ये घरात खून झाला. त्या काळात ते दूर दुसऱ्या शहरात मुख्याध्यापकांच्या परिषदेसाठी गेले होते. त्यांच्या मोटारीत नंतर सापडलेल्या एका विजेरीवरचे बारीक ठिपके म्हणजे गोळी झाडताना उलटे उडालेले रक्त होय, अशी साक्ष एका पोलीस अधिकाऱ्याने दिली. या विषयातील त्याचे शिक्षण ४० तासांच्या एका वर्गापुरते होते. मुख्याध्यापकांना दोषी ठरवले गेले. २०१८ मध्ये त्या राज्याच्या न्यायविज्ञान आयोगाने ती साक्ष शास्त्राला धरून नव्हती असे स्पष्ट केले आणि त्या अधिकाऱ्यानेही आपले निष्कर्ष चुकीचे होते हे मान्य केले. तरीही न्यायालयाने शिक्षा रद्द केली नाही, आणि आयुष्याची तीन दशके तुरुंगात घालवल्यानंतर २०२० मध्ये ते पॅरोलवर बाहेर आले. इंडियाना राज्यातील दुसऱ्या एका प्रकरणात पत्नी आणि दोन मुले गमावलेल्या माणसाच्या शर्टावर आठ बारीक ठिपके होते. ते गोळीबाराचे शिंतोडे असल्याचे सरकार पक्षाचे तज्ज्ञ सांगत होते, तर मुलीच्या केसांना शर्ट घासल्याने ते लागले असे बचाव पक्षाचे तज्ज्ञ सांगत होते. तीन खटले चालले, दोनदा शिक्षा झाली, आणि २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात या विश्लेषणातील अनिश्चितता प्रचंड असल्याचे आणि तज्ज्ञांची मते शास्त्रापेक्षा वैयक्तिक समजुतीवर अधिक आधारलेली असल्याचे नमूद केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७५ कार्यरत तज्ज्ञांना १९२ डागसमूह दाखवले गेले. त्यांतले काही डाग कसे पडले हे परीक्षकांना आधीच माहीत होते. अशा डागांबाबत तज्ज्ञांनी दिलेल्या उत्तरांपैकी सरासरी ११.२ टक्के चुकीची निघाली. दर नऊ उत्तरांत एक चूक ही मी वर्गातही सहज सोडून दिली नसती, आणि येथे तर प्रश्न जन्मठेपेचा आहे.

म्हणून हे शास्त्र टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. कोठे काय कळते आणि कोठे कळत नाही हे लिहून ठेवले तर ते फार उपयोगाचे आहे, आणि ही सवय लावून घेण्याची वेळ आपल्यावर आताच आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि पुरावे गोळा करण्याच्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे बंधनकारक होणार असून, त्याची तारीख अधिसूचित करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली पुरावा म्हणून येते. पण मत हे मतच असते. हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जय लाल या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की तज्ज्ञाने आपला निष्कर्ष तपासून पाहण्याचे निकष न्यायाधीशांपुढे ठेवले पाहिजेत, म्हणजे त्यांना स्वतंत्रपणे मत बनवता येईल. तो खटला सफरचंदांच्या बागांवरील रोगाशी संबंधित होता, पण तत्त्व येथेही तितकेच लागू आहे. आणि केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर उभ्या असलेल्या खटल्यात आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणारी प्रत्येक शक्यता वगळली गेली पाहिजे, हे तर शरद बिर्धीचंद सारडा प्रकरणात १९८४ मध्येच ठरले आहे. डागांच्या अहवालात ‘हे डाग अमुक कारणाने पडले असावेत’ याबरोबरच ‘आणखी कोणत्या कारणांनी पडू शकले असते’ आणि ‘मोजमापात चुकीला किती वाव आहे’ हे लिहिलेले नसेल, तर न्यायाधीशांनी ती शक्यता वगळायची कशी?

आपल्या गोव्यात वेर्ण्याला राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा न्यायवैद्यक विभाग आहे, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे केंद्र फोंड्याजवळ कुर्टीला आहे आणि त्याच्या कायमच्या संकुलाची पायाभरणी ऑक्टोबर २०२१ मध्ये धारबांदोड्यात झाली. एवढ्या लहान राज्याला इतक्या सोयी जवळ असणे ही मोठी जमेची बाजू आहे. माझी या संस्थांना एक कळकळीची विनंती आहे. या शास्त्रातील बहुतेक प्रयोग काच, पुठ्ठा, गुळगुळीत रंग दिलेली भिंत किंवा फरशी अशा पृष्ठभागांवर झालेले आहेत. आपला चिरा सच्छिद्र आहे. त्यावर पडलेले रक्त आत मुरते, कडा पसरतात आणि लंबगोलाची रुंदी मोजणेच अवघड होते. चिरा मुळातच तांबडा आणि जमीनही तांबडी, त्यामुळे साध्या उजेडात डाग दिसत नाहीत, त्यांना तिरप्या प्रकाशात पाहावे लागते. शेणाने सारवलेल्या जमिनीची तऱ्हा आणखी निराळी. पावसाळ्यातील दमट हवेत रक्त सुकायला किती वेळ लागतो, हेही कोरड्या देशांतील आकड्यांवरून सांगता येणार नाही. धुतलेले रक्त ल्युमिनॉल या रसायनाने अंधारात चमकते हे खरे, पण ते ब्लीचिंग पावडरने आणि तांब्यानेही चमकते. पावसाळ्यात शेवाळ घालवायला पायऱ्यांवर ब्लीचिंग टाकणारी घरे आणि न्हाणीत पाणी तापवायचे तांब्याचे भाण असलेली घरे आपल्याकडे कमी नाहीत. जगभर अशा प्रयोगांसाठी डुकराचे रक्त वापरतात आणि ते येथे मिळणे कठीण नाही. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चिरा, तांबडे सिमेंट आणि सारवण यांवर, ऐन जुलैत आणि ऐन मेमध्ये, हे प्रयोग करून त्यांच्या नोंदी खुल्या कराव्यात. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणच्या घरातले डाग वाचायचे असतील तर त्या नोंदींवाचून गत्यंतर नाही.

घटनास्थळी मात्र तज्ज्ञ पोहोचण्याआधीचा पहिला तास सर्वांत मोलाचा असतो, आणि तो बहुधा गावच्या पोलिसाच्या आणि गावकऱ्यांच्याच हातात असतो. पंखा बंद करावा, पण त्याआधी तो चालू होता हे लिहून ठेवावे. कोणी पाय ठेवला, कोणी काय धुतले, मृतदेह कोणी हलवला, हे कोणाला दोष न देता नोंदवावे. प्रत्येक डागसमूहाचा एक फोटो दुरून आणि एक जवळून, मोजपट्टी शेजारी ठेवून, कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात धरून घ्यावा. मोबाइलवरही हे करता येते आणि एखाद्या दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवता येते. डागांचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र या एका दिवसाच्या प्रशिक्षणाने कोणाला मिळू नये. नोंद करणे आणि अर्थ लावणे ही दोन कामे वेगळीच ठेवली पाहिजेत. ही सर्व छायाचित्रे बचाव पक्षालाही मूळ स्वरूपात मिळावीत, विशेषतः ज्यांना सरकारी खर्चाने वकील दिला जातो अशा गरीब आरोपींना, म्हणजे त्यांच्या बाजूचा तज्ज्ञही तेच डाग मोजू शकेल.

आता थोडे आपल्या क्षेत्राविषयी, संपादक महोदय. अमेरिकेत ओहायो राज्यातील डॉक्टर सॅम शेपर्ड यांना पत्नीच्या खुनाबद्दल १९५४ मध्ये शिक्षा झाली. पुढच्या वर्षी न्यायविज्ञानाचे तज्ज्ञ पॉल कर्क यांनी त्या खोलीतील डागांचा अभ्यास करून मारेकरी डावखुरा असावा असे प्रतिज्ञापत्र दिले, तर शेपर्ड उजव्या हाताने काम करणारे होते. पण ती शिक्षा रक्ताच्या डागांमुळे रद्द झाली नाही. १९६६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण वृत्तपत्रांनी उठवलेल्या गदारोळात आरोपीला निःपक्ष खटला मिळालाच नाही. आपल्याकडेही तपास चालू असतानाच ‘डागांवरून उलगडा’ असे शीर्षक छापले गेले की गावाच्या लेखी निकाल लागलेला असतो, आणि पुढे तो माणूस निर्दोष सुटला तरी त्याच्या मुलांकडे पाहणाऱ्या नजरा बदलत नाहीत. अशा बातमीत हे मत कोणाचे, ते कोणत्या टप्प्यावरचे आणि दुसऱ्या कोणत्या शक्यता शिल्लक आहेत, ही तीन वाक्ये आपल्या वार्ताहरांनी आवर्जून घालावीत, अशी नम्र विनंती आहे.

गृह खात्याला याच पत्रातून माझी सूचना अशी की घटनास्थळ पंचनाम्याच्या नमुन्यात रक्ताच्या डागांसाठी स्वतंत्र रकाने असावेत: डाग गोल की लांबट, निमुळते टोक कोणत्या दिशेला, जमिनीपासून उंची किती, पृष्ठभाग कसला, आणि मधे कोरी राहिलेली जागा कोणती. त्यातले पहिले तीन प्रश्न मला साक्षीच्या पिंजऱ्यात विचारले गेले होते. पंच म्हणून बोलावलेल्या पुढच्या माणसाला ते डाग समोर असतानाच विचारले जावेत.

आपला नम्र,
एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक,
डिचोली, गोवा